सॅक्सोफोन दुरुस्ती आणि विक्री: दुरुस्ती चालते, विक्रीत पाय रुततोय

पितळी_कान:
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. मी सॅक्सोफोन दुरुस्त करतो आणि जुने सॅक्स घेऊन, नीट करून विकतो. एकटाच आहे, एक टेबल, एक लीक लाइट (नळीत सोडून गळती शोधायचा दिवा), पोचे काढायच्या सळ्या आणि गोळे, आणि कपाटभर पॅड, म्हणजे भोकं मिटवणाऱ्या गाद्या. दुसरं वर्ष संपत आलंय. दुरुस्तीचं बरं चाललंय. पण विक्रीचं म्हणजे, वाद्य गेलं की वाटतं चला पैसे आले आणि महिनाअखेरीस वही उघडली की कळतं आलेच नाहीत.

आत्ताचंच सांगतो. तीन जुने अल्टो, म्हणजे मधल्या आकाराचे सॅक्स, एकगठ्ठा मिळाले. त्यातल्या एकावर जीवच जडला, चांदीचा मुलामा, बेलवर, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावर, फुलापानांचं कोरीवकाम अजून बोटाला लागतंय इतकं खोल, म्हणजे कुणी पॉलिश मारून झिजवलेलं नाही. सगळे पॅड बदलले, सात-आठ स्प्रिंगा नवीन घातल्या, बो वरचा, म्हणजे खालच्या वळणावरचा, पोचा काढला, नेकचं, म्हणजे माउथपीस बसतो त्या वरच्या वाकड्या नळीचं, कॉर्क नवं. तीसेक तास गेले असतील. मग माउथपीस लावला, ट्यूनर समोर ठेवला, आणि सगळेच सूर चढे! माउथपीस बाहेर ओढत ओढत इतका आणला की कॉर्कच्या टोकावर जेमतेम लटकत होता. तेव्हा कुठे एक सूर जागेवर आला आणि बाकीचे एकमेकांशी भांडायला लागले.

सीरियल नंबरच्या खाली बारीक ‘एच’ ठोकलेला होता. मला वाटलेलं कारखान्याची काहीतरी खूण असेल.

तर प्रश्न असा की विक्री बंद करून नुसती दुरुस्तीच करावी का? जे या धंद्यात आहेत त्यांनी प्लीज सांगा.

अर्धासूर:
खूण कारखान्याचीच होती, फक्त तुमच्यासाठी होती :D

धंद्यात बुडाल्याचं फार मनावर घेऊ नका. ज्या अडॉल्फ सॅक्सने 1846 मध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं त्याचं स्वतःचं दिवाळं एकदा नाही, तीनदा निघालं. 1852, 1873 आणि 1877. तुमचं अजून एकदाही नाही, म्हणजे तुम्ही पुढे आहात.

चपडालाख:
अर्धासूर, गप्प बसा हो जरा, माणूस खरंच अडचणीत आहे.

पितळी_कान, एच म्हणजे हाय पिच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात दोन पट्ट्या चालायच्या, एक आजची, ए सूर 440 हर्ट्झवर धरायची, तिला लो पिच म्हणायचे, आणि दुसरी चढी, साधारण 457 च्या आसपासची. हाय पिचचा सॅक्स मुळात आखूडच केलेला असतो आणि भोकांच्या जागाही त्याच हिशेबाने. माउथपीस ओढून नळी वरच्या टोकाला वाढते, पण भोकं आहेत तिथेच राहतात. त्यामुळे वर उघडणारी भोकं, म्हणजे आखूड नळीचे सूर, जास्त उतरतात आणि खालचे लांब नळीचे सूर कमी. म्हणून ते भांडण. ते कुणालाच सोडवता येत नाही. शोभेला ठेवा नाहीतर सुट्या भागांना वापरा.

हे माझ्याही बाबतीत झालंय, फक्त मी तीस तास घालायच्या आधी फुंकून बघितलं. तुम्ही म्हणाल पॅड फाटलेले असताना फुंकणार कसं. अहो वरची पाच-सहा पॅड टेपने किंवा प्लास्टिकच्या पातळ कागदाने दाबून बंद करा, दोन-तीन सूर तरी निघतात, ट्यूनरला तेवढं पुरतं. पाच मिनिटांचं काम.

विक्री बंद करू नका. खरेदी बदला.

पितळी_कान:
खरेदी बदला म्हणजे नक्की काय? जरा उलगडून सांगा ना दादा.

चपडालाख:
सांगतो, पण लांब होईल.

मी जुनं वाद्य हातात घेतलं की चकाकी बघतच नाही. आधी नेक. नेक काढून तोंडाच्या बाजूने डोळा लावून बघायचा, गोल आहे का दबून लंबगोल झालाय. लोक माउथपीस चढवताना नेकची कमान तळहाताने दाबतात, त्याने वर्षानुवर्षात नेक खाली वाकतो, कमानीच्या आतल्या बाजूला सुरकुती आणि बाजूंना फुगवटा येतो. ते सरळ करता येतं पण वेळ खातं, आणि मूळ नेक हरवून दुसराच कुठला बसवलेला असेल तर मी हातच लावत नाही. नेक बदलला की सुरांचं सगळं गणित बदलतं.

मग बॉडी. बेल माझ्याकडे करून नळीच्या बाजूने नजर टाकायची, जसं सुतार फळीच्या कडेने बघतो. वाकलेली नळी लगेच कळते. सॅक्स पाठीवर पडला की नळी वाकते आणि लांब रॉडवरच्या सगळ्या की, म्हणजे कळा, अडकतात. घेणाऱ्याला वाटतं तेलपाणी केलं की सुटेल. नाही सुटत. मग की-गार्डचे, म्हणजे खालच्या मोठ्या कींवरच्या संरक्षक पट्टीचे, पाय बघा. बाजूने आपटलं की गार्ड स्वतः टिकतो आणि त्याचे पाय पितळेत घुसतात, शेजारच्या टोनहोलची, म्हणजे पॅड बसतं त्या भोकाची, कड वाकडी होते. टोनहोल वाकडं म्हणजे कितीही महागाचं पॅड घाला, बसणार नाही. साधं असेल तर आतून उचलून, वरून हलक्या कानशीने सपाट करता येतं. पण कॉन कंपनीच्या जुन्या सॅक्ससारखं कड दुमडलेलं, रोल केलेलं टोनहोल असेल तर कानस लावायची सोयच नाही, घासलं की दुमडच उघडी पडते. तिथे फक्त ठोकून, उचलून, पुन्हा बघून, पुन्हा उचलून. अख्खी दुपार जाते.

शेवटी डाग दिलेल्या जागा बघायच्या. पोस्ट, म्हणजे रॉड धरणारे खुंट, परत झाळलेले आहेत का, कसे झाळलेत, आजूबाजूला शिसाचे ओघळ आहेत का. आधीच्या माणसाच्या कामावरूनच कळतं आत काय काय निघणार आहे.

पॅड फाटलेत, कॉर्क गळलंय, स्प्रिंगा गंजल्यात याला मी घाबरत नाही. ते मोजता येतं. मोजता न येणारं काम असलेलं वाद्य घ्यायचंच नाही.

वहीखाते:
मी क्लॅरिनेट-फ्लूट करतो, सॅक्स क्वचित, पण हिशेबाचं तेच आहे म्हणून लिहितोय.

पितळी_कान, तुम्ही विक्रीच्या वाद्यावर घातलेले स्वतःचे तास लिहिता का? बहुतेक नाही लिहीत. मीही नव्हतो लिहीत. गिऱ्हाइकाचं वाद्य असलं की आपण तास मोजतो, आपलं असलं की रात्री जेवण झाल्यावर ‘जरा’ बसतो. ते जरा जरा करत वीस तास होतात. मी एक साधी गोष्ट केली, माझ्या स्वतःच्या वाद्यालाही दुरुस्तीची पावती फाडायची, जणू ते दुसऱ्या कुणाचंय. खरेदी, अधिक सामान, अधिक माझ्या नेहमीच्या दराने मजुरी. ती बेरीज विक्रीच्या किमतीच्या वर गेली तर मी स्वतःचाच गिऱ्हाईक म्हणून स्वतःला नाही म्हणायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पावत्या अशा मागे जाऊन फाडल्या तेव्हा जे दिसलं ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

आणि अडकलेले पैसे वेगळेच. वाद्य चार महिने कपाटात उभं असेल तर त्या चार महिन्यांत त्या पैशाची पॅड, कॉर्क, स्प्रिंगा आल्या असत्या. पॅड अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने लागतात, एका मापाचं एक नसलं की काम थांबतं.

फुंकर:
मी दुरुस्तीवाली नाही, वाजवते. टेनर, म्हणजे अल्टोपेक्षा मोठा सॅक्स, बरीच वर्षं. गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलू का?

मागे माझ्या टेनरचा लो बी आणि लो बी फ्लॅट यायचे बंद झाले. नुसती घरघर. एका ठिकाणी दाखवला, त्यांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले सगळे पॅड बदलावे लागतील, ओव्हरहॉल. आकडा ऐकून मी बाहेर आले. नंतर दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मला लो डी वाजवायला सांगितला आणि मी तो धरलेला असताना म्हणाले आता डाव्या करंगळीने जी शार्पची की दाबा. दाबली, आणि सूर एकदम फाटला. ते म्हणाले झालं, सापडला. एवढासा स्क्रूड्रायव्हर घेतला, एक स्क्रू पाव फेरा फिरवला, बस. लो बी फ्लॅट अस्सा आला की दुकानातलं काचेचं कपाट थरथरलं.

आणि मजुरी? म्हणाले याची काय घ्यायची. त्यानंतर माझी प्रत्येक सर्व्हिस, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांची वाद्यं, आणि दुसरा सॅक्स घेतला तोही त्यांच्याकडूनच. पहिल्या ठिकाणी परत गेले नाही.

नवी_रीड:
फुंकरताई, हे कसं काय पण? बी फ्लॅट तर सगळ्यात खालचा ना, आणि जी शार्पचं पॅड कुठे वर. मला समजलं नाही. मी नवीन आहे, आठ महिने झाले शिकतोय.

चपडालाख:
नवी_रीड, चांगला प्रश्न. डाव्या करंगळीखाली जो कींचा पाट असतो त्यात लो सी शार्प, बी, बी फ्लॅट या तिन्ही की जी शार्पच्या पाटीला जोडलेल्या असतात. म्हणजे लो बी दाबला की जी शार्पही उघडायला बघतो. त्याला उघडू न देण्याचं काम उजव्या हाताच्या कींवरून येणाऱ्या एका छोट्या दांड्याचं, आणि त्या दांड्याच्या टोकाला तो ॲडजस्ट करायचा स्क्रू. स्क्रू जरा सैल झाला किंवा त्याच्या खालचं कॉर्क दबलं की जी शार्पचं पॅड केसभर उचललं जातं. आणि सॅक्समध्ये वर कुठेही गळती असली की तिच्या खालचे सगळे सूर बिघडतात. म्हणून दुखणं वर आणि ओरडणं खाली. माणूस खालच्या मोठ्या पॅडांकडे बघत बसतो.

‘सगळे पॅड बदला’ हे वाक्य मीही पहिल्या वर्षी फार वापरायचो. खरं सांगायचं तर ते आळसाचं वाक्य आहे. लीक लाइट आत सोडा, खोलीतला दिवा बंद करा, एकेक पॅड हलक्या, अगदी हलक्या बोटाने मिटवा. जोरात दाबलं तर काय, सगळंच मिटतं. उजेडाची रेघ कुठल्या बाजूने येते ते बघा. मागून, म्हणजे बिजागरीच्या बाजूने येत असेल तर पॅड आत दबलंय किंवा कप वाकलाय, पुढून येत असेल तर उलटं. पॅड ज्यात बसतं तो कप बाहेरून जरा शेकला की चपडा, म्हणजे पॅड चिकटवायची लाख, मऊ होतो आणि पॅड त्याच्यावर तरंगतं, मग कडेने अलगद सरकवून बसवायचं. पुष्कळदा पॅड ठीकच असतं, नुसतं हललेलं असतं.

पितळी_कान:
ताई, तुमची गोष्ट वाचून जरा लाज वाटली कारण मीपण असं पाव फेऱ्याचं काम करतो आणि ‘असू दे’ म्हणतो, मग रात्री वाटतं की फुकट वाटत सुटलोय. तुमच्याकडे बघून कळलं की तेच परत येतं.

नवी_रीड, एक घरगुती तपासणी सांगतो. बिनडिंकाचा सिगरेटचा पातळ कागद घे, त्याची अरुंद पट्टी काप, पॅडखाली ठेव, की हलकेच मिटव आणि ओढून बघ. चारही बाजूंनी सारखी पकड लागली पाहिजे. जी शार्पचं पॅड चिकटत असेल तर तोच कागद मिटलेल्या पॅडखाली धरून ठेवायचा, ओल शोषून घेतो. पावडर मात्र टाकू नकोस.

अर्धासूर:
पावडर मी दहा वर्षं टाकतोय, काही झालेलं नाही.

चपडालाख:
तुमचा सॅक्स कोण दुरुस्त करतं? त्याला विचारा काय झालंय.

अर्धासूर:
विचारलं. म्हणाला आत भाकरी थापता येईल इतकं पीठ निघालं. गप्प बसतो.

नवी_रीड:
मला पहिला स्वतःचा सॅक्स घ्यायचाय. एकाने ‘नव्यासारखा लखलखीत’ म्हणून जुन्याचे फोटो पाठवलेत. खरंच आरशासारखा आहे. घ्यावा का?

फुंकर:
आधी शिक्षकांकडून वाजवून घे, मग फोटो बघ. नवशिक्याला जुनाच पाहिजे असं काही नाही रे, यामाहाचा साधा विद्यार्थ्यांचा अल्टो चांगल्या हालतीत मिळाला तर बरीच वर्षं काढतो आणि परत विकलाही जातो.

पितळी_कान:
कोरीवकामाचा जवळून फोटो मागव. रेघा बोथट, धूसर दिसल्या तर बफ मारून पुन्हा लॅकर, म्हणजे वॉर्निशसारखा थर, दिलंय. बफिंगमध्ये नुसती चकाकी येत नाही, पितळ जातं. पोस्टच्या कडा गोल होतात, टोनहोलच्या कडा पातळ होतात. म्हणूनच जुन्या, नाव असलेल्या वाद्याचं मूळ लॅकर अर्धं उडालेलं असलं तरी त्याला जास्त किंमत येते. सेल्मर कंपनीच्या मार्क सिक्स मॉडेलचं बघ, 1954 ला आला, त्याचे अल्टो-टेनर 1970 च्या दशकात बंद झाले, अजून लोक त्याच्यामागे वेडे आहेत आणि त्यातही मूळ लॅकरचा की पुन्हा केलेला यावर भाव फार बदलतो. मी स्वतः पहिल्या वर्षी एक चांगला सॅक्स ‘गिऱ्हाइकाला आवडेल’ म्हणून चकाचक करून घेतला आणि जाणकार माणूस बघून नुसता हसला. असो.

नेकवर गुलाबी ठिपके असले तर तेही विचार. पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा रंग राहतो. वरवर असेल तर चालतं, खोल असेल तर तिथे भोक पडू शकतं.

वहीखाते:
आणि सीरियल नंबर खरवडलेला असेल तर विषय तिथेच संपला. स्वस्त मिळतोय म्हणून मोह होतो, पण चोरीचा माल आपल्या टेबलावर सापडला तर नाव आपलं जातं. मी विकत घेताना नंबराचा फोटो आणि विकणाऱ्याची सही घेतो. सही द्यायला कां-कूं केली की मीही कां-कूं करतो.

चपडालाख:
दुरुस्तीलाही हेच. वाद्य आत घेताना गिऱ्हाइकासमोर पेटी उघडायची आणि कागदावर सगळं लिहायचं. नंबर, पोचे कुठे कुठे आहेत, माउथपीस कुठला, लिगेचर (रीड आवळायची कडी) आहे का, टोपी, पट्टा, एंड प्लग (नेक काढल्यावर त्या जागी बसवायचं बूच). माझ्याकडे एकदा एकजण परत येऊन म्हणाला माझा माउथपीस बदललात. नव्हता बदलला, पण माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. त्याला दुसरा घेऊन दिला. तेव्हापासून फोटो काढल्याशिवाय पेटी आत येत नाही.

आणि देताना लगेच द्यायचं नाही. काम झालं की रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा लाइट घालून बघायचं. नवी पॅड बसतात, कॉर्क दबतं, रात्री मिटलेलं सकाळी उघडं सापडतं. त्या सकाळच्या दहा मिनिटांनी माझ्या परत येणाऱ्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या.

फुंकर:
देताना समोर वाजवून घ्या हे मी घालते त्यात. गिऱ्हाइकाच्या माउथपीसने, गिऱ्हाइकाच्या रीडने, गिऱ्हाइकाने. तुम्ही वाजवून दाखवलंत तर घरी जाऊन तो म्हणणार त्यांच्याकडे वाजतो, माझ्याकडे नाही. कित्येकदा रीडच, म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टीच, मेलेली असते.

पितळी_कान:
बरंच काही मिळालं, आभार सगळ्यांचे.

काल रात्री वहीखातेंनी सांगितलं तसं बसून मागच्या अकरा विकलेल्या वाद्यांच्या खोट्या पावत्या फाडल्या. सहा वाद्यांत माझी मजुरी पूर्ण निघाली नाही. राहिलेली पाच बघितली तर पाचही अशी होती की जी आधी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती आणि मालकाला नंतर विकायची होती, म्हणजे मला ती आतून माहीत होती. बाहेरून, फोटो बघून, गठ्ठ्याने घेतलेल्यांतलं एकही त्यात नाही. हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

तर ठरवलंय की गठ्ठ्याने घ्यायचं बंद. माझ्या टेबलावरून गेलेलं वाद्य असेल तर घेईन, नाहीतर मालकाचंच ठेवून विकून द्यायचं आणि कमिशन घ्यायचं, मग माझे पैसे अडकत नाहीत. त्यातही मालकाशी आधी लिखित की दुरुस्ती किती आणि ती कुणाच्या खिशातून.

वहीखाते:
कमिशनवर ठेवलंत तर मुदत लिहा. नाहीतर कपाटाचं संग्रहालय होतं. आणि पाठवायचं असेल तर मोठ्या कींच्या खाली कॉर्कचे तुकडे सारून त्या हलणार नाहीत अशा करा, नेक वेगळा गुंडाळा, बेलमध्ये काहीही सुटं ठेवू नका, एंड प्लग लावा. पेटी भरून झाली की हलवून बघा, आत काही सरकलं तर नीट भरलेली नाही.

नवी_रीड:
मी तो लखलखीतवाला सोडला. कोरीवकामाचा फोटो मागितला तर त्यांनी उत्तरच दिलं नाही.

पितळी_कान, तुमच्याकडे विद्यार्थ्याला चालेल असा अल्टो आहे का?

पितळी_कान:
त्या गठ्ठ्यातलाच दुसरा आहे, पण त्याची पावती फाडून बघतो आधी. खाली बो ला पोचा आहे, आवाजाला अडत नाही, काढणार नाही, तेवढी किंमत कमी. उद्या सकाळी पुन्हा लाइट घालून कळवतो. वाजवून बघायला तुझे शिक्षक येऊ देत.

चपडालाख:
आणि तो हाय पिचवाला? त्याचं काय करताय? मला त्याच्या पाम कींचे, म्हणजे तळहाताने दाबायच्या वरच्या कींचे, दोन रॉड आणि लो बी चा गार्ड हवाय, माझ्याकडे त्याच कारखान्याचा लो पिच पडलाय, मापं जुळली तर उपयोग होईल.

पितळी_कान:
पाठवतो. मोत्याची दोन बटणं मात्र मी आधीच काढून एका मुलीच्या अल्टोवर बसवली, तिची पडली होती. आणि बेल देणार नाही दादा, ती टेबलासमोर भिंतीवर टांगलीय, एच बाहेर दिसेल अशी नळीची पट्टी कापून शेजारी.